वजनकाट्यावर न दिसणारी आई

कांदिवलीत दीड महिन्याचं बाळ लसीला नेलं की त्याचं वजन कार्डावर टिपलं जातं. त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला मात्र झोप लागते का, उगाच रडू येतं का, हे सहसा कुणी विचारत नाही. ही चूक बाळालाही भोवते. गोव्यात म्हापशातल्या रुग्णालयातल्या मातांचा मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २००२ च्या निष्कर्षांनुसार सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की अशा मातांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजन-उंचीत मागे पडत होती, बौद्धिक वाढीतही.

बाळ मुळातच अशक्त म्हणून आई खचली असेल, ही शंका रास्त. पण जन्मवजन आणि आईचं शिक्षण हिशेबात धरूनही वाढीशी असलेला संबंध टिकला. ‘माहेरपण, डिंकाचे लाडू, सव्वा महिना आराम पुरे की!’ हे म्हणणं अर्धंच खरं. २००२ च्याच निष्कर्षांत नवऱ्याशी बेबनाव, गरिबी आणि पहिली मुलगी असताना पुन्हा मुलगीच होणं ही जोखमीची कारणं ठरली, आणि त्यांवर डिंक चालत नाही. यात आईला दोष देण्यासारखं काही नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. ते ओळखणाऱ्या एडिंबरा प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत. लसीच्या रांगेतही विचारता येतील. तोवर घरच्यांनी विचारावं, आणि उदासी दोन आठवड्यांहून लांबली तर डॉक्टर गाठावा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलावं.