अक्षर गावाचं होतं, खेळाडूचं नव्हे
अमेरिकन बेसबॉलच्या ‘क्लास डी’बद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्टॅन म्युझिअल हे अमेरिकन बेसबॉलमधलं फार मोठं नाव. सेंट लुईस कार्डिनल्सकडून ३,६३० हिट्स, त्यातल्या १,८१५ घरच्या मैदानावर आणि नेमक्या तितक्याच बाहेर. १९६९ साली हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. पण या माणसाच्या कारकिर्दीचा तक्ता वरून वाचायला घेतला, की पहिल्याच ओळीत १९३८ सालापुढे वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यमसन या गावाचं नाव लागतं आणि त्याला चिकटलेलं एक अक्षर: डी. आपण प्रगतिपुस्तकं वाचत वाढलेली माणसं. डी दिसला की आपला निकाल तयार असतो, पोरगं काठावर पास!

हा निकाल चुकीचा आहे, आणि तो फक्त आपलाच चुकतो असं नाही. बेसबॉल नेमाने पाहणारे अमेरिकनही त्यात फसतात. १९०२ ते १९६२ एवढा काळ ही पायरी त्या देशातल्या गावोगावी होती. मग एका हिवाळ्यात ती कागदावरून पुसली गेली. तिच्याबद्दलच्या समजुती मात्र मागे उरल्या.

गैरसमज १ : ‘डी’ म्हणजे खेळाचा दर्जा

वस्तुस्थिती : डी ही मुळात शिरगणती होती.

मेजर लीगच्या खाली खेळणाऱ्या, म्हणजे ‘मायनर’, लीगांनी १९०१ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत एकत्र येऊन एक संघटना काढली. मोठे संघ आपले खेळाडू पळवतात, त्याला आवर घालायचा हा हेतू. पुढच्या हंगामापासून लीगांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी झाली. निकष होता लीगमधल्या सगळ्या गावांच्या लोकसंख्येची बेरीज. बेरीज दहा लाखांच्या वर गेली तर ए. सर्वांत लहान गावांची लीग ती डी. खेळाडूंचे पगार किती असावेत आणि वरच्या लीगने खेळाडू उचलला तर खालच्या संघाला किती रक्कम मिळावी, हे या अक्षरावर ठरे.

मुंबईच्या कांगा लीगमध्येही ए, बी, सी असे विभाग असतात; पण तिथे संघ जिंकला तर वर चढतो, हरला तर खाली घसरतो. क्लास डीमधल्या संघाने हंगामभर सगळे सामने जिंकले असते, तरी पुढच्या वर्षी तो डीमध्येच राहिला असता, कारण गाव तेवढंच होतं. अर्थात पैसा मोठ्या गावात, म्हणून अनुभवी खेळाडूही तिकडेच. त्यामुळे खाली सरासरी खेळ कच्चा असे हे खरं. पण तो त्या अक्षराचा परिणाम होता, अर्थ नव्हे.

गैरसमज २ : डीच्या खाली काहीच नव्हतं

वस्तुस्थिती : एकदा होतं, जेमतेम काही आठवडे.

१९४३ साली, युद्धामुळे बहुतेक लीग बंद पडलेल्या असताना, सुपीरियर सरोवराच्या टोकाशी असलेल्या ड्युलुथ आणि सुपीरियर या जोडशहरांत चार संघांची ‘ट्विन पोर्ट्स लीग’ सुरू झाली. तिच्यासाठी ‘क्लास ई’ असा नवा वर्ग काढावा लागला. जुलै संपायच्या आत लीग गुंडाळली गेली आणि तिच्याबरोबर तो वर्गही. त्या एका उन्हाळ्यानंतर ई हे अक्षर पुन्हा कुणाला मिळालं नाही.

गैरसमज ३ : हे संघ म्हणजे मोठ्या संघांच्या रोपवाटिका होत्या

वस्तुस्थिती : काही होत्या, पण सुरुवातीला कुणीच नव्हतं आणि शेवटपर्यंत सगळे झाले नाहीत.

पहिली वीसेक वर्षं हे संघ त्या त्या गावचे असत. गावातले व्यापारी वर्गणी काढत, तिकिटं विकत, आणि एखादा पोरगा चमकला की त्याला वर विकून पुढच्या हंगामाचा खर्च भागवत. १९२० च्या सुमारास सेंट लुईसच्या ब्रँच रिकीने हिशेब उलटा केला: तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा लहान संघच हाताशी धरा आणि खेळाडू तिथे पिकवा. म्हणूनच त्याला ‘फार्म’ पद्धत म्हणू लागले. बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना ती मुळीच पसंत नव्हती. एकाच लीगमधल्या एकाहून अधिक संघांवर छुपा ताबा ठेवल्याबद्दल १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना करारातून मोकळं केलं. म्युझिअल विल्यमसनला गेला तो याच वर्षी.

स्वतंत्र संघांची गंमत पाहायची तर न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला जावं. तिथली लाँगहॉर्न लीग १९४७ मध्ये डी म्हणून सुरू झाली आणि पुढे सी झाली. रॉसवेलचा जो बॉमन गावात पेट्रोल पंप चालवायचा. त्याने होमरन मारला, की तळांना फेरी मारून आल्यावर तो प्रेक्षकांपुढच्या जाळीपाशी जाई. लोक जाळीच्या भोकांतून डॉलरच्या नोटा पुढे करत आणि तो त्या गोळा करत फिरे. १९५४ च्या एका हंगामात त्याने ७२ होमरन मारले. व्यावसायिक बेसबॉलमधला हा विक्रम २००१ साली बॅरी बाँड्सने ७३ मारेपर्यंत टिकला. बॉमन स्वतः मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

गैरसमज ४ : तिथून वर कुणी जात नसे

वस्तुस्थिती : जात असत, कधी कधी डोळ्यांवर विश्वास बसू नये इतक्या वेगाने.

१९४० मध्ये म्युझिअल फ्लोरिडात डेटोना बीचच्या संघात होता, पुन्हा क्लास डीमध्येच, आणि तोही पिचर म्हणून: १८ विजय, ५ पराभव. पिचिंग नसे त्या दिवशी तो आउटफिल्डमध्ये उभा राही. ऑगस्टमध्ये एक झेल घेताना त्याने सूर मारला आणि तो डाव्या, म्हणजे चेंडू टाकायच्याच खांद्यावर आपटला. पिचिंग संपलं. घरी बाळ झालेलं, हाती पैसा नाही. व्यवस्थापक डिकी कर आणि त्यांच्या पत्नीने या जोडप्याला आधीच आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. हा कर म्हणजे १९१९ च्या बदनाम वर्ल्ड सीरिजमध्ये, सोबत्यांवर सामने विकल्याचा आरोप असताना, शिकागोला दोन सामने सरळपणे जिंकून देणारा पिचर. म्युझिअलने मुलाचं नाव करवरून रिचर्ड ठेवलं आणि पुढे नाव झाल्यावर त्यांना ह्यूस्टनमध्ये घर घेऊन दिलं. पिचर म्हणून संपलेला हा मुलगा नुसत्या बॅटच्या जोरावर तेरा महिन्यांत, सप्टेंबर १९४१ मध्ये, सेंट लुईसच्या मैदानावर उतरला.

मिकी मँटलही याच वाटेने आला. १९४९ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्सकडून खेळला. लीगचं नाव कॅन्सस-ओक्लाहोमा-मिसुरी, थोडक्यात ‘कॉम’. अशी आद्याक्षरी नावं तेव्हा लोकप्रिय होती: केंटकी-इलिनॉय-टेनेसीची ‘किटी’, पेनसिल्व्हेनिया-ऑन्टारियो-न्यू यॉर्कची ‘पोनी’. दोनच वर्षांत मँटल न्यू यॉर्क यांकीजच्या संघात होता.

गैरसमज ५ : खालचा विक्रम म्हणजे वरच्या यशाची हमी

वस्तुस्थिती : हा मागच्याच गैरसमजाचा उलटा भाऊ. त्याला उत्तर एकोणीस वर्षांच्या रॉन नेचायने दिलं.

१३ मे १९५२. ब्रिस्टल हे गाव व्हर्जिनिया आणि टेनेसी यांच्या सीमेवर वसलेलं. मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात, दुसरी दुसऱ्या. अपलाचियन लीग, क्लास डी. समोर वेल्चचा संघ. नेचायला पोटातल्या अल्सरने बेजार केलं होतं आणि सामन्याच्या मधल्या वेळात तो दूध पिऊन दुखणं शमवत होता. बेसबॉलच्या नऊ डावांत प्रतिस्पर्ध्यांचे २७ बळी घ्यावे लागतात. त्या रात्री नेचायने २७ स्ट्राइकआउट केले, म्हणजे २७ फलंदाजांना तिसऱ्या स्ट्राइकवर निकालात काढलं.

आता गंमत अशी, की एक फलंदाज जमिनीलगत फटका मारून पहिल्या तळावर बाद झाला होता. म्हणजे हिशेब २८ होतो! कोडं असं सुटतं: एका फलंदाजाचा तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला. अशा वेळी पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट लागतो, पण फलंदाज धावत पहिला तळ गाठू शकतो. त्यामुळे नवव्या डावात नेचायला तिघांऐवजी चौघांना परत पाठवावं लागलं. एक वॉक, एकाला लागलेला चेंडू, क्षेत्ररक्षणातली एक चूक. हिट मात्र एकही नाही. सामना ७–० ने ब्रिस्टलचा. पुढच्या सामन्यात त्याने २४ जणांना तसंच परत पाठवलं.

त्याच ऑगस्टमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला मेजर लीगमध्ये उतरवलं. विजय १, पराभव ६. दर नऊ डावांमागे सातहून अधिक धावा. नंतर लष्कराची भरती, अल्सर, मग खांदा. मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही. नऊ डावांच्या व्यावसायिक सामन्यात २७ स्ट्राइकआउट मात्र त्यानंतर कुणाला जमलेले नाहीत.

गैरसमज ६ : जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये मेजर लीगमध्ये आला आणि कृष्णवर्णीयांसाठी दारं सगळीकडे उघडली

वस्तुस्थिती : मोठ्या शहरांत उघडली. दक्षिणेतल्या लहान गावांत कड्या तशाच होत्या.

१९५३ मध्ये आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्स संघाने जिम आणि लिअँडर टगर्सन या कृष्णवर्णीय भावांना घेतलं. कॉटन स्टेट्स लीग ही क्लास सी. तिच्यातल्या बाकीच्यांनी सरळ हॉट स्प्रिंग्सलाच लीगबाहेर काढलं. वरच्या संघटनेने तो निर्णय फिरवला. तरी मे महिन्यात जिम चेंडू टाकायला मैदानात उतरला, तेव्हा एकही चेंडू पडण्याआधी पंचांनी सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल केला. जिम टेनेसीतल्या नॉक्सव्हिलकडे गेला, म्हणजे क्लास डीमध्ये, आणि त्या हंगामात त्याने २९ सामने जिंकले. कॉटन स्टेट्स लीगवर त्याने दावाही ठोकला. ज्या पायरीला आपण सर्वांत खालची म्हणतो, तिथे त्याला निदान खेळू दिलं गेलं.

गैरसमज ७ : टीव्हीने क्लास डी मारला

वस्तुस्थिती : टीव्ही हा आरोपींपैकी एक. एकटा नव्हे.

१९४५ मध्ये मायनर लीगांची संख्या १२ होती, १९४९ मध्ये ५९. सैनिक घरी परतले होते, हाती पैसा होता, आणि ज्याला त्याला आपल्या गावात संघ हवा होता. या ५९ मध्ये सर्वांत मोठा गठ्ठा क्लास डीचाच. इतक्या संघांना पुरेल एवढे प्रेक्षक मुळातच नव्हते. फुगा फुटणारच होता. १९५० पासून मेजर लीगचे सामने रेडिओवरून देशभर रोज ऐकू येऊ लागले. पाठोपाठ टीव्ही आला: १९५० मध्ये दर दहा घरांमागे जेमतेम एका घरात, १९५५ पर्यंत सुमारे दोन तृतीयांश घरांत. कोरियाच्या युद्धाने तरुण खेळाडू उचलले. मोटारी आल्या, लोक उपनगरांत गेले, संध्याकाळी गारव्यासाठी मैदानावर जाणाऱ्यांना घरातच वातानुकूलन मिळालं. १९५९ पर्यंत उरल्या २१ लीगा.

गैरसमज ८ : आजचा ‘ए’ म्हणजे तेव्हाचाच ‘ए’

वस्तुस्थिती : जुने तक्ते वाचताना सर्वांत जास्त माणसं इथे फसतात.

१९६२ च्या हंगामानंतर मेजर लीगने मायनर लीगांचा खर्च मोठ्या प्रमाणात अंगावर घेतला आणि शिडी नव्याने बांधली: ट्रिपल ए, डबल ए, ए आणि नवशिक्यांसाठी रूकी. बी, सी, डी ही अक्षरं रद्द झाली. कालपर्यंत डी असलेल्या फ्लोरिडा स्टेटसारख्या लीगा एका रात्रीत ए झाल्या. मैदान तेच, गाव तेच. अपलाचियन लीग रूकी झाली. उत्तर प्रदेशातून गेलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००९ मध्ये पिट्सबर्गच्या ज्या संघातून खेळले, तो याच रूकी पायरीवरचा.

वरच्या टोकालाही हाच घोळ आहे. १९३३ मध्ये जो डिमॅजिओने सॅन फ्रान्सिस्कोकडून सलग ६१ सामन्यांत हिट केलं, त्यापुढे ‘डबल ए’ लिहिलेलं असतं. आज ती मधली पायरी. तेव्हा मायनर लीगमध्ये तिच्या वर काहीच नव्हतं. ट्रिपल ए हे नाव १९४६ मध्ये आलं. तेव्हा जुन्या तक्त्यातलं अक्षर वाचण्याआधी शेजारचं साल वाचावं.

राहता राहिलं ब्रिस्टल. २०२० नंतर मेजर लीगने मायनर लीगांची पुन्हा छाटणी केली, तेव्हा अपलाचियन लीगचं रूकी हे बिरुदही गेलं. आता तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची मुलं खेळतात, बिनपगारी. ब्रिस्टलच्या संघाचं नाव आहे ‘स्टेट लाइनर्स’, सीमारेषेवरचे. शंभर वर्षांपूर्वी क्लास डीमध्ये खेळणाऱ्या गावच्या संघाचंही हेच नाव होतं. नावापुढे लावायला आज एकही अक्षर शिल्लक नाही. सामन्याच्या संध्याकाळी लोक मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, दोन्ही राज्यांतून येतात.