माळ्यावरचा बुरा

गणपतीसाठी कोकणातलं बंद घर उघडणाऱ्या प्रत्येकाला तो वास ठाऊक असतो. शिडी लावून माळ्यावर डोकं काढावं, तर ओल्या गोणपाटासारखा कुबट दर्प नाकात शिरतो. विजेरीच्या उजेडात वाशांवर काळे ठिपके दिसतात, ट्रंकेवर हिरवट लव, जपून ठेवलेल्या गोधड्यांवर पांढरा बुरा. मग घरातलं एकेक माणूस एकेक उपाय सांगू लागतं. त्यातले बरेचसे उपाय बुरशी हा डाग आहे असं धरून चालतात, आणि तिथेच घोळ होतो. बुरशी जिवंत असते. तिचे बीजाणू बारा महिने हवेत असतात, त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. खायला तिला लाकूड, कागद, सुती कापड, अगदी साचलेली धूळही पुरते. ऊब कोकणात आयतीच. पाणी तेवढं कुठून तरी मिळावं लागतं, आणि ते कुठून मिळतंय हे न शोधता केलेली सफाई पुढच्या पावसापर्यंतसुद्धा टिकत नाही.

‘ब्लीच मारा, काळं जाईल.’ काळं जातं, म्हणूनच या उपायावर एवढा विश्वास बसला आहे. न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर ब्लीच कामही करतं. वासा मात्र सच्छिद्र असतो. ब्लीचमधला क्लोरीन वरच्यावर खर्ची पडतो आणि सोबतचं पाणी लाकडात मुरतं. रंग उडतो, आतली बुरशी राहते आणि तिला वर ओलही मिळते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थासुद्धा बुरशीसाठी ब्लीचचा सर्रास वापर करू नका असंच सांगते. साबणाचं पाणी, ताठ ब्रश, मग कोरडं फडकं आणि पंखा लावून पूर्ण वाळवणं, हे जास्त उपयोगाचं. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. माळ्यासारख्या ठेंगण्या, कोंदट जागेत तो जिवावर बेतू शकतो. हे मिश्रण कधीही करू नका. बुरशीवर थेट रंग फासणं तर निव्वळ पैसे घालवणं: ओल आतच राहते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

‘कौलं काढून पत्रा घातला की प्रश्नच मिटला.’ गळतीपुरतं हे खरं असेल, ओलीपुरतं नाही. मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून हवा खेळत राहते. त्यात जुन्या घरात खाली चूल पेटायची. तिची ऊब आणि धूर माळ्यातून वर जायचा, वासे काळे व्हायचे पण कोरडे राहायचे. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना कौलं हलवली जायची, फुटकी बदलली जायची, म्हणजे वर्षातून एकदा कोणीतरी छप्पर हाताने तपासायचंच. आता चूल गेली, गॅस आला, खाली पीओपीचं छत आलं आणि वर पत्रा. रात्री पत्रा गार पडतो, खालची दमट हवा त्याला लागते आणि त्याच्या पोटाला थेंब जमतात. पाऊस नसतानाही पहाटे माळा ओला दिसतो आणि आपण पत्र्यातलं भोक शोधत बसतो. गळतीचा डाग एका जागी असतो आणि पावसाबरोबर वाढतो. साचलेल्या बाष्पाचे थेंब मात्र पत्र्यावर सगळीकडे विखुरलेले दिसतात. असे थेंब असतील तर पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि हवेला वाट, वळचणीला आत येण्याची आणि आढ्याशी बाहेर जाण्याची, हाच इलाज. न्हाणीघराच्या एक्झॉस्टचं नळकांडं माळ्यातच सोडलं असेल, तर ते आधी घराबाहेर काढा.

हवेबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. जुलैत कोकणातल्या बाहेरच्या हवेचीच आर्द्रता 80 टक्क्यांवर असते. त्या दिवसांत खिडक्या सताड उघडून माळा वाळत नाही. घरातली वाफ तेवढी बाहेर जाते. आर्द्रता 60 टक्क्यांखाली आली की बुरशीची वाढ मंदावते. काही शे रुपयांचं आर्द्रतामापक माळ्यावर टांगलं, की उघडीप कधी खरी आहे ते कळतं.

2021 पासून आणखी एक भीती घराघरांत बसली आहे: काळी बुरशी दिसली म्हणजे म्युकर. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने त्या आजारात माणसं आणि डोळे गमावले, त्यामुळे ही भीती समजण्यासारखी आहे. पण त्या आजाराला ‘काळी’ हे नाव पडलं ते मृत होऊन काळ्या पडणाऱ्या ऊतींवरून, बुरशीच्या रंगावरून नव्हे. तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना झाला. माळ्यावरची काळी बुरशी सहसा वेगळ्याच जातींची असते. तिची जात तपासून घेण्याचीही गरज नसते, कारण रंग कोणताही असो, ती काढायचीच असते. तिचा खरा त्रास दमा, ॲलर्जी आणि फुप्फुसांचे विकार असलेल्यांना होतो. ओलसर, बुरसटलेल्या घरांचा श्वसनविकारांशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच नोंदवलं आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला मात्र साफसफाईच्या वेळी घरात ठेवू नये.

भिंतीवरचा प्रत्येक पांढरा थर बुरशी नसतो. चिऱ्याच्या किंवा विटेच्या भिंतीवर येतो तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार. त्यातला चिमूटभर थर पाण्यात टाका. क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही.

‘उन्हाळ्यात वाळते, मग मरते.’ वाळलेली बुरशी झोपी जाते, ओल मिळाली की उठते. मेलेलीसुद्धा ॲलर्जी देते. म्हणून वाळलेला बुरा केरसुणीने झटकणं सगळ्यात वाईट, कारण बीजाणू घरभर उडतात. ओल्या फडक्याने टिपा, एन-95 मास्क आणि हातमोजे घाला. डांबर गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीसाठी नव्हेत. कापूस भिजून बुरसलेली गादी टाकून द्यावी, हे सांगताना मलाही जड जातं.

साधारण 10 चौरस फुटांपर्यंतचा भाग आपला आपण साफ करता येतो. त्याहून मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा. वाशात स्क्रू-ड्रायव्हर सहज रुतत असेल, तर लाकूड कुजलं आहे. आधी सुताराला दाखवा आणि तोवर माळ्यावर वजन ठेवू नका.

भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळवली तर बुरशी सहसा धरत नाही. म्हणून पहिल्या मोठ्या सरीत कोणीतरी विजेरी आणि खडू घेऊन माळ्यावर जावं. थेंब पडतो तिथे भोक असेलच असं नाही. पाणी वाशावरून घरंगळत येतं, तेव्हा ओलीची रेघ वरच्या दिशेने धरत जायचं आणि ती जिथे सुरू होते तिथे खडूने खूण करायची. उघडीप मिळाली की त्याच खुणेवरचं कौल बदलायचं.