कर्नलमधील कूटबद्ध बोगदा : निवड नाकारण्याचे तत्त्व

सार्वजनिक जाळ्यातून खासगी मजकूर न्यावयाचा, तर प्रत्येक पॅकेट कूटबद्ध करून दुसऱ्या पॅकेटाच्या पोटात घालावे लागते. या व्यवस्थेस व्हीपीएनचा बोगदा म्हणतात. असा बोगदा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बांधताना कोणते निर्णय घ्यावे लागतात, याचा विचार लिनक्समधील वायरगार्डच्या आधारे येथे करावयाचा आहे.

पहिला प्रश्न स्थानाचा. ओपनव्हीपीएनच्या मूळ रचनेत कूटलेखन कर्नलच्या बाहेर होते. पॅकेट बाहेर येते, कूटबद्ध होते आणि पुन्हा आत जाते; या येरझारांत वेळ खर्ची पडतो. वायरगार्ड सर्व काम आतच उरकते. मात्र कर्नलमधील एक चूक सबंध यंत्रास भोवू शकते. म्हणून तेथील प्रोग्राम एका व्यक्तीला वाचून तपासता येईल इतका आटोपशीर असावा लागतो. जेसन डोननफेल्ड यांनी २०१७ च्या निबंधात वर्णिलेली ही रचना सुमारे ४,००० ओळींत बसली. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत तिचा समावेश झाला.

हा आटोपशीरपणा मुख्यतः दुसऱ्या निर्णयातून येतो. आयपीसेकच्या परंपरेत दोन्ही टोके कोणती कूटपद्धती वापरावयाची हे आधी वाटाघाटीने ठरवितात. भाषेच्या अभ्यासकास ही स्थिती परिचित आहे. दोन बहुभाषिक अनोळखी माणसे भेटली की दोघांस येणारी भाषा शोधतात. परंतु मध्येच उभा असलेला तिसरा त्यांना दुबळ्या भाषेकडे ढकलू शकला तर? टीएलएस या प्रोटोकॉलावरील फ्रीक व लॉगजॅम हे २०१५ मध्ये उघडकीस आलेले हल्ले याच जातीचे होते. अमेरिकेच्या जुन्या निर्यातनिर्बंधांपायी राहिलेल्या दुर्बळ पद्धती त्यांच्या मुळाशी होत्या. वायरगार्डने वाटाघाटच काढून टाकली. किल्ल्यांच्या देवघेवीस कर्व्ह२५५१९, कूटलेखनास चाचा२० आणि मजकुराच्या अखंडत्वाची खात्री करण्यास पॉली१३०५, असे सारे आधीच ठरलेले आहे.

तिसरा निर्णय ओळखीचा. समोरच्याची ओळख म्हणजे त्याची सार्वजनिक किल्ली. प्रत्येक किल्लीपुढे तिला मान्य असलेल्या पत्त्यांची यादी असते. बाहेर जाणाऱ्या पॅकेटाचा पत्ता पाहून किल्ली निवडली जाते. आत येणारे पॅकेट उकलल्यावर प्रेषकाचा पत्ता त्या किल्लीच्या यादीत नसेल, तर ते टाकून दिले जाते. अशा रीतीने मार्गनिश्चिती व प्रवेशाधिकार ही दोन्ही कामे एकच कोष्टक करते. अधिकृत किल्लीचा पुरावा नसलेल्या पॅकेटास उत्तरही मिळत नाही आणि त्याच्यासाठी नवी स्मृतीही राखली जात नाही.

या साधेपणाचे मोल मोजावे लागतेच. ठरलेल्या पद्धतींपैकी एखादी भेदली गेली, तर पर्यायी पद्धतीकडे वळता येत नाही. सर्व टोकांवर नवी आवृत्ती बसवावी लागेल. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाल्यास कर्व्ह२५५१९ टिकणार नाही. त्यावर आज योजलेला उपाय म्हणजे ३२ बाइटांची ऐच्छिक सामायिक गुप्त किल्ली. पण ती अन्य मार्गाने पोहोचवावी लागते. शिवाय ज्या कार्यालयांस सरकारमान्य कूटपद्धतीच वापरण्याचे बंधन आहे, त्यांना हा ठराविक संच अडचणीचा होतो. तेथे आयपीसेकची लवचीकता उपयोगी पडते.

सारांश, निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे सुरक्षितता नव्हे, आणि त्याचा अभाव म्हणजेही सुरक्षितता नव्हे. वायरगार्डने रोजची गुंतागुंत टाळून क्वचित येणारे मोठे स्थित्यंतर पत्करले आहे. कोणत्याही बोगद्याची परीक्षा करताना त्याने कोणता भार टाळला आणि तो पुढे कोणावर पडणार आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.