“येस टीचर” म्हणायची सवय मला चौदाशे रुपयांना पडली!



मागच्या आठवड्यात एका ताईंनी विचारलं, “मॅडम, माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजी येत नाही. बाहेरच्या राज्यातली ऑर्डर घेऊ का नको?” उत्तर द्यायच्या आधी माझीच एक फजिती सांगते.

माझं पॅकेजिंगचं दुकान सुरू होऊन वर्षभर झालं होतं. बंगळुरूहून एका मिठाईवाल्यांचा फोन आला. पाच हजार छापील बॉक्स हवे होते. समोरचा माणूस भराभर इंग्रजीत बोलत होता. त्यात तो दोनदा “एफओआर बंगलोर” म्हणाला. मला अर्थ माहीत नव्हता. पण विचारायची लाज वाटली. मी बीबीए झालेली, कसं विचारणार? मी आपली “येस सर, येस सर” करत राहिले.

माल पाठवला आणि ट्रान्सपोर्टचं बिल माझ्याकडे आलं. एफओआर बंगलोर म्हणजे बंगळुरूपर्यंतचं भाडं दरातच धरलेलं, ते विकणाऱ्याने भरायचं. एका बॉक्समागे मला दोन रुपये सुटणार होते, म्हणजे एकूण दहा हजार. भाडं झालं अकरा हजार चारशे. दोन आठवडे राबून वर चौदाशे रुपये खिशातून गेले. यात गिऱ्हाईकाची काही चूक नव्हती. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, मीच समजल्याचं नाटक केलं होतं.

हे नाटक मी कुठे शिकले?

शाळेत! आमच्या बॅचला इंग्रजी पाचवीपासून होतं. वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. हिशोब करा, प्रत्येकाने बोलायचं म्हटलं तर वाट्याला येतात पस्तीस सेकंद. मग बाई धडा वाचायच्या, मराठीत अर्थ सांगायच्या, फळ्यावर उत्तरं लिहून द्यायच्या. शेवटी “अंडरस्टूड?” आणि साठ जणांचा एकच सूर, “येस टीचर!” कळलेलं नसायचं, पण “नो” म्हणणाऱ्याला सगळा वर्ग हसायचा. मी बाईंना दोष देत नाही. साठ जणांना बोलतं करणं एकटीच्या हातात नव्हतं.

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. मला वाटलं, पुढच्या मुलांचा प्रश्न सुटला. पण माझी भाची आता नववीत आहे. इंग्रजीत चांगले मार्क पडतात. तिला म्हटलं, “मी दुकानदार, तू गिऱ्हाईक. इंग्रजीत भाव विचार.” पोरगी गप्प. मग म्हणाली, “मावशी, निबंध म्हणून दाखवू का? तो पाठ आहे.”

यात तिची तरी काय चूक? दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाला. जिथे गुण जास्त तिथे मेहनत जास्त, हे आपण धंदेवाल्यांना सांगायला नको.

शिवाय भाषेचीही अडचण आहेच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, “मी माल पाठवला.” इंग्रजीत ते मधे येतं. त्यांचं ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ आपल्याकडे नाहीच. आपण लिहितो तसंच बरंचसं वाचतो. तिकडे स्पेलिंग सारखं दिसतं आणि उच्चार एकदा ‘पुट’, एकदा ‘बट’. म्हणून चुका होतात. त्यात बुद्धी कमी असण्याचा काही संबंध नाही.

मग करायचं काय?

व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसू नका. मी या चार गोष्टी केल्या:

१. ऐकलेलं परत म्हणा. “सर, फाइव्ह थाउजंड बॉक्सेस, डिलिव्हरी ट्वेंटीएथ, राइट?” एवढ्यावर अर्धे घोळ थांबतात.

२. न कळलेला शब्द तिथेच विचारा. “सॉरी सर, व्हॉट डज दिस मीन?” हे वाक्य मी काउंटरवर चिकटवून ठेवलंय. विचारलं म्हणून आजवर एकही ऑर्डर गेली नाही. न विचारता पैसे मात्र गेले.

३. फोनवरचं लेखी घ्या. “प्लीज सेंड इट ऑन व्हॉट्सॲप.” लिहून आलं की सावकाश वाचता येतं, कुणाला तरी विचारता येतं. भाडं कोणाचं, जीएसटी धरून की वेगळा, ॲडव्हान्स किती, माल कधी द्यायचा, या चार गोष्टी लेखी आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

४. आपल्या धंद्याची वीस वाक्यं वहीत लिहा. आपल्याला भाषण करायचं नाहीये. बेकरीवाल्याची वीस वाक्यं वेगळी, टेलरिंगवाल्या ताईंची वेगळी. रोज दहा मिनिटं मोठ्याने म्हणा.

सराव कुणाबरोबर करायचा? घरात आठवी-नववीतलं पोर असेल तर त्याला गिऱ्हाईक करा. मी आणि भाची रविवारी अर्धा तास हेच करतो. पहिल्या रविवारी दोघी नुसत्या हसत होतो. परवा तिने माझ्याशी इंग्रजीत घासाघीस करून बॉक्समागे पन्नास पैसे कमी करून घेतले! मी चुकले की ती सांगते, ती अडली की मी. चुकीला हसायचं नाही, एवढा एकच नियम.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ऑर्डर जरूर घ्या. मोडकं-तोडकं बोललात तरी चालेल. फक्त कळलं नसेल तेव्हा “येस” म्हणू नका.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली पहिली पाच वाक्यं आजच वहीत लिहा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने म्हणून दाखवा. कुठे अडलात ते मला कळवा, पुढच्या व्हिडिओत आपण तीच वाक्यं घेऊ.

भेटूया, दुकान सांभाळा!