लांबचा विमानप्रवास आणि आपली प्रकृती

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आणि साठी ओलांडलेले आईवडील पहिल्यांदाच विमानाने निघालेले, अशी कुटुंबे आता लहान गावांतूनही आहेत. सामानाची तयारी महिनाभर चालते, प्रकृतीची मात्र आदल्या दिवशी आठवते.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. मध्ये विमान बदलायचे असल्यास वीस तासांहून अधिक. येताना वारा पाठीशी असल्याने वेळ थोडा कमी लागतो.

इतके तास एका जागी बसल्याने पोटऱ्यांतील रक्त संथ वाहते व क्वचित शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका दुप्पट होतो. तरी निरोगी माणसात हे प्रमाण सहा हजारांत एक इतकेच आहे, म्हणून घाबरू नये. दर एक-दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी पावले वरखाली करावीत. विमानातील हवा फार कोरडी असते, पाणी पीत राहावे, मद्य टाळावे. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना भेटावे. ऐकीव माहितीवर ॲस्पिरिन घेऊ नये.

मधुमेहींनी घड्याळाचा हिशेब नीट समजून घ्यावा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. मुंबईहून रात्री एकला निघून सोळा तासांनी उतरलात, तर उन्हाळ्यात तेथे त्याच दिवसाचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच. तेथील सकाळ पाहून सकाळचे इन्शुलिन पुन्हा घेतले, तर दोन डोस जवळजवळ येऊन साखर एकदम उतरू शकते. जाताना दिवस लांबतो, येताना आखूड होतो. त्यामुळे दोन्ही वेळचे डोस निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावेत. प्रवासात एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे. इन्शुलिन, रोजच्या गोळ्या, साखर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी. खालच्या सामानात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते.

पोहोचल्यावर काही दिवस झोप बिघडते. शरीर साधारणपणे दिवसाला एक तास या गतीने जुळवून घेते. सकाळी उन्हात फिरावे, दुपारची झोप थोडकीच घ्यावी.

मात्र प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि आपण विमानाने आलो, हे आवर्जून सांगावे.