गमतीचं परिपत्रक

ऑक्टोबर 2023 पासून टीसीएसने पाचही दिवस ऑफिसात बोलावलं, मार्च 2025 पासून इन्फोसिसने महिन्यातून किमान दहा दिवस. हिंजवडीच्या कोंडीत तासभर घालवून माणसं पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसली खरी. पण घरूनच रुजू झालेल्या, एकमेकांना फक्त स्क्रीनवर पाहिलेल्या या मंडळींना बोलतं कसं करायचं? एचआरचं उत्तर तयार असतं : 'फन फ्रायडे', दुपारी चार, उपस्थिती अनिवार्य.

युक्ती जुनीच. 1976 मध्ये इंग्लंडात शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी पबमधल्या क्विझचा धंदा सुरू केला, तो थंड जाणाऱ्या संध्याकाळी गिऱ्हाईक यावं म्हणूनच. तिथे हजेरी घेत नव्हते, एवढंच.

आता खेळ कुठला? हाउजीत तिकिटावरचे पंधरा आकडे साहेबालाही आणि ट्रेनीलाही, सगळं नशिबावर. पण तासभर प्रत्येकाची मान खाली. हिंदी अंताक्षरी सुरू झाली की चेन्नईचा सहकारी टाळ्या वाजवण्यापुरता उरतो. फोनवरच्या 'कहूट' या खेळात ज्याचं बोट आधी पडतं त्याला जास्त गुण, म्हणजे विचार करणारा मागेच.

माझं मत क्विझला, पण टीव्हीवरच्या नव्हे. नील ओब्रायन यांनी 1967 मध्ये कोलकात्यात खुली क्विझ घेतली, तेव्हापासून आपल्याकडे हा खेळ मुख्यतः संघांचा आहे. 2000 साली 'केबीसी' आलं आणि क्विझ म्हणजे एकटा माणूस, चार पर्याय आणि कोटीची स्वप्नं, असं डोक्यात बसलं. क्विझवेडी मंडळी अजून वेगळाच शब्द वापरतात : प्रश्न 'वर्केबल' हवा. म्हणजे पाठ नसलं तरी चौघांनी डोकं लढवून उत्तर काढता आलं पाहिजे.

उदाहरण घ्या. 'भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कधी धावली?' हा मेलेला प्रश्न. ज्याला येतं त्याला येतं, बाकीचे चहाकडे बघतात. तोच असा विचारा : '16 एप्रिल 1853 रोजी साहिब, सिंध आणि सुलतान हे तिघे मिळून बोरीबंदरहून ठाण्याला निघाले. हे तिघे कोण?' आता कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं घोडे, कुणी म्हणतं नवाब. मग रोज मध्य रेल्वेने धक्के खाल्लेला अकाउंट्समधला अबोल गृहस्थ पुटपुटतो, "अहो, ती पहिली गाडी… इंजिनं असतील." बरोबर, तिन्ही इंजिनंच! त्याचं नाव त्या दिवशी सगळ्यांना कळतं. क्विझ घ्यायची ती यासाठी.

म्हणून प्रश्न बाहेरच्या एजन्सीकडून मागवू नयेत. आपल्या माणसांना काय ठाऊक आहे, हे आपल्यातलाच कुणीतरी जाणतो. संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे टेस्टिंगवाले टेस्टिंगवाल्यांतच चिकटून राहत नाहीत. 'बाउन्स' मोकळा ठेवावा : उत्तर येईपर्यंत प्रश्न फिरत राहील आणि ज्याने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू होईल. मग शेवटच्या बाकावरच्यांनाही जागं राहावं लागतं.

एक प्रकार मात्र बंदच करावा. 'ओळखा, हा कुणाचा लहानपणीचा फोटो', 'आपल्यात सगळ्यात आधी लग्न कुणाचं होणार' असल्या फेऱ्या हसत सुरू होतात आणि कुणाच्या तरी रंगावर, वजनावर, नाहीतर त्याहून खाली येऊन थांबतात. कामाच्या ठिकाणी महिलांवर केलेली नकोशी लैंगिक शेरेबाजी 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार छळातच मोडते. तिथे 'गंमत केली' हा बचाव नव्हे.

आणि ते 'अनिवार्य' तेवढं परिपत्रकातून काढा. प्रश्न वीसच ठेवा, पाऊण तासात आटपा, पाचच्या बसला माणसं सोडा. साहेबांना खेळायचंच असेल, तर पहिल्या खेपेला गुण लिहायला बसवा.