खेळामागील पाहणें

बडनेऱ्याहून अकोल्यास जातांना मूर्तिजापूर मागें पडलें, तरी समोरच्या बाकावरील मुलाची मान मोबाईलवरून वर आली नाहीं. आई रागावली, व तें योग्यच होतें. परंतु त्या कांचेमागें काय चालतें, हें दोघांसही ठाऊक नसावें.

सिनेमाप्रमाणें तेथें आधींच काढून ठेवलेली चित्रमालिका नसते. यंत्र एका सेकंदांत बहुधा ३० किंवा ६० वेळां पाहतें, कीं बोट कोठें आहे, गडी कोठवर आला, भिंत आड येते काय. आणि प्रत्येक वेळीं नवें चित्र काढतें. ६० चित्रें हवीं असल्यास एकाच्या वांट्यास सेकंदाचा साठावा भाग येतो. तेवढ्यांत हिशेब न उरकला, तर खेळ अडखळतो. मोबाईल तापतो तोही याच अखंड हिशेबामुळें.

हिशेब यंत्राचा, पाहणें मात्र माणसाचें. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. राजी आपल्या पळविलेल्या भावास शोधीत निघते. तिच्या वाटेवरील वास्तु राजस्थानी धर्तीच्या आहेत, रंगकामास पहाडी चित्रशैलीचा आधार आहे, आणि कथेचा कांहीं भाग छायाबाहुल्या सांगतात. कमान कशी वळते हें ज्यानें थांबून पाहिलें नाहीं, त्याला ती काढतां यावयाची नाहीं.

अकोला जवळ येतांच मीं त्या मुलास त्याच्या खेळांतील दरवाजाविषयीं विचारलें. कमान, पायऱ्या, दिवे, सारें त्यानें बिनचूक सांगितलें. शाळेच्या सहलींत नरनाळाही त्यानें पाहिला होता. तेथील महाकाली दरवाजावरील कोरींव कमळें मात्र त्याला आठवेनात.